वाचक विचारतात : कुलगुरूंची खुर्ची आणि देशाचे आरोग्य

गेल्या अंकात डॉ. आर्कॉट लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यावरचा लेख आम्ही प्रसिद्ध केला. प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून मद्रासमध्ये नावारूपाला आलेले, १९४२ ते १९६९ अशी सलग सत्तावीस वर्षे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले आणि ते पद सांभाळत असतानाच देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झालेले हे गृहस्थ महाराष्ट्रात आता फारसे कोणाला ठाऊक नसतील, अशी आमची समजूत होती. आलेल्या पत्रांनी ती खोटी ठरवली. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांपासून निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी लिहिले आहे. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे या सदराचे लेखक, जे स्वतः काही वर्षे ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी होते, येथे देत आहेत.

प्रश्न : मी राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. एका पुस्तकात मुदलियारांचे नाव शिक्षण आयोगासाठी येते, दुसऱ्यात आरोग्य समितीसाठी आणि तिसऱ्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या संदर्भात. ही एकच व्यक्ती आहे की तीन निरनिराळ्या? — एक परीक्षार्थी, लातूर

तीन नाहीत, दोन आहेत. आणि गोंधळ होण्याला सबळ कारण आहे, कारण ते जुळे भाऊ होते. दोघांचा जन्म १४ ऑक्टोबर १८८७ रोजी कर्नूल येथे झाला. रामस्वामी मुदलियार वकिलीतून जस्टिस पक्षाच्या राजकारणात गेले, पुढे म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्ष म्हणून १९४६ साली लंडनमध्ये बसले. लक्ष्मणस्वामी वैद्यकाकडे वळले. आपण परीक्षेसाठी वाचत असलेला शिक्षण आयोग आणि आरोग्य समिती या दोन्हींचे अध्यक्ष हे डॉक्टर मुदलियारच होत.

घोळ वाढवायला आणखी एक गोष्ट आहे. रामस्वामीही पुढे त्रावणकोर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यामुळे काही काळ दक्षिणेत एकाच चेहऱ्याचे दोन कुलगुरू होते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या जन्मकथेत दोन्ही भाऊ भेटतात. ही संघटना स्थापन करण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद बोलवावी, असा ठराव फेब्रुवारी १९४६ मध्ये ज्या आर्थिक व सामाजिक परिषदेने केला तिचे अध्यक्ष रामस्वामी होते. आणि १९४८ साली संघटना प्रत्यक्षात आल्यावर तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद लवकरच लक्ष्मणस्वामींकडे आले. म्हणजे घर बांधायचे ठरले ते एका भावाच्या अध्यक्षतेखाली, आणि त्या घराच्या पहिल्या कारभाऱ्यांत दुसरा भाऊ बसला.

पाठांतराच्या सोयीसाठी एवढे ध्यानात ठेवावे, की 'आयोग' म्हटले की माध्यमिक शिक्षण (१९५२-५३) आणि 'समिती' म्हटले की आरोग्य सर्वेक्षण व नियोजन (१९५९-६१). आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या आणि माध्यमिक अभ्यासक्रमाचे सात विषयगट पाडले, ज्यांत मानव्यविद्या व विज्ञानाच्या बरोबरीने शेती, तंत्र, वाणिज्य, ललितकला आणि गृहविज्ञानही होते. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध मात्र त्यांचा नव्हे. तो कोठारी आयोगाचा आहे आणि उमेदवार हमखास तेथेच गुण गमावतात.

प्रश्न : माझे आजोबा एल.सी.पी.एस. डॉक्टर होते. 'भोर समितीने आमची जातच बुडवली' असे ते म्हणत. त्या समितीत मुदलियार होते का, आणि असतील तर त्यांची भूमिका काय होती? — एक वाचक, कराड

होय, भोर समितीचे ते सदस्य होते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या या समितीत डॉक्टरांबरोबर इतर क्षेत्रांतील माणसेही होती, आणि त्यांत आपल्याकडचे कामगारनेते ना. म. जोशी होते. समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्माच्या वेळची आयुर्मर्यादा जेमतेम सत्तावीस वर्षे होती. १९३७ साली जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ वर्षाच्या आत दगावत होती. सुमारे सहा हजार लोकांमागे एक डॉक्टर होता आणि त्रेचाळीस हजारांमागे एक परिचारिका. दरसाल जवळपास दोन लाख स्त्रिया बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरतात, असा समितीचा अंदाज होता. एग्मोरच्या स्त्रियांच्या सरकारी रुग्णालयात उमेदीची वर्षे घालवलेल्या मुदलियारांना हा आकडा कागदावर वाचण्याची गरज नव्हती. प्रसूतिशास्त्रावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक सुधारित आवृत्त्यांतून पुढच्या कितीतरी पिढ्यांनी अभ्यासले आहे.

आपल्या आजोबांची तक्रार मात्र निराधार नव्हती. त्या काळी वैद्यकीय व्यवसायात दोन पायऱ्या होत्या. विद्यापीठाची पदवी घेतलेले वरच्या पायरीवर, आणि वैद्यकीय शाळांतून तुलनेने कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळवलेले खालच्या पायरीवर. मद्रासकडे त्यांना एल.एम.पी. म्हणत, मुंबई इलाख्यात एल.सी.पी.एस. भोर समितीने बहुमताने असा कौल दिला, की यापुढे देशात एकाच दर्जाचा पदवीधर 'मूलभूत डॉक्टर' तयार व्हावा आणि ही खालची पायरी बंद करावी. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. डॉक्टरांचा एवढा दुष्काळ असताना उपलब्ध मार्ग बंद करणे परवडणार नाही, असे त्यांना वाटत होते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे महाविद्यालय झाले ते त्याच १९४६ साली.

या प्रश्नात माझे मत दोन्हीकडे ओढले जाते. एका देशात गरिबांसाठी एक आणि श्रीमंतांसाठी दुसरा डॉक्टर असू नये हा विचार न्याय्य होता. परंतु पदवीधर डॉक्टर खेड्यात जाऊन राहील हे गृहीतक फसले, आणि ज्या तालुक्याच्या गावी आपल्या आजोबांसारखे एल.सी.पी.एस. डॉक्टर रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघत, त्या गावाला पुढे किती वर्षे दुसरा डॉक्टर मिळाला नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेवीस वर्षे नोकरी केली. मुदलियार समितीने नेमके काय सांगितले होते आणि त्यातले आमच्यापर्यंत काय पोहोचले? — एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, नांदेड जिल्हा

आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भोर समितीने दूरचे आणि जवळचे अशी दोन चित्रे काढली होती. दूरच्या चित्रात दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे पंच्याहत्तर खाटांचे प्राथमिक केंद्र, त्यावर साडेसहाशे खाटांचे दुय्यम रुग्णालय आणि जिल्ह्याला अडीच हजार खाटा होत्या. जवळच्या चित्रात चाळीस हजार वस्तीमागे एक केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया आणि इतर कर्मचारी एवढेच मागितले होते. सामुदायिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली ती मात्र विकासगटाला एक याप्रमाणे. विकासगट म्हणजे सुमारे शंभर गावे. भोर समितीच्या जवळच्या चित्रापेक्षाही हे कितीतरी तोकडे होते, आणि तरी पाटी लागली की केंद्र झाले असे मानून पुढचे केंद्र मंजूर होत होते.

अशा वेळी १९५९ मध्ये मुदलियारांची समिती नेमली गेली. धारवाडचे द. प. करमरकर तेव्हा केंद्रात आरोग्य खाते सांभाळत होते. समितीने १९६१ मध्ये जे सांगितले त्याचा गाभा एका वाक्यात मावतो : नवी केंद्रे काढण्यापूर्वी जी काढली आहेत ती उभी करा. एका केंद्रावर चाळीस हजारांहून अधिक लोकसंख्येचा भार टाकू नका. तालुका आणि जिल्हा पातळीवरची रुग्णालये तज्ज्ञ डॉक्टर देऊन इतकी सक्षम करा, की केंद्रातून पाठवलेल्या रुग्णाला तेथे खरोखर उपचार मिळेल. राज्याचे मुख्यालय आणि जिल्हा यांच्यामध्ये देखरेखीची विभागीय पायरी निर्माण करा. आणि प्रशासकीय सेवेच्या धर्तीवर अखिल भारतीय आरोग्य सेवा स्थापन करा.

पहिल्या शिफारशीचे काय झाले ते आपण जाणता. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत केंद्रांची संख्या वाढतच राहिली. यात केवळ दुष्टबुद्धी शोधू नये. ज्या गावाला दवाखाना नाही त्या गावाला 'आधी शेजारच्या तालुक्यातला दवाखाना सुधारतो, मग तुमचा' असे सांगून मते मिळत नाहीत, आणि लोकशाहीत ही अडचण खरी असते. तरीही परिणाम टळला नाही. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी सहा खाटा होत्या, त्यांपैकी चारांवर गाद्या होत्या, जीप होती आणि चालकाचे पद रिक्त होते. अडलेली बाळंतीण बैलगाडीतून एस.टी. थांब्यापर्यंत न्यावी लागे, आणि जीप छपराखाली उभी असे. मुदलियार समितीचा अहवाल मी पुढे पदव्युत्तर अभ्यासात वाचला तेव्हा ती जीप मला आठवली.

अखिल भारतीय आरोग्य सेवेची कथा अधिक बोलकी आहे. घटनेच्या ३१२ व्या कलमाप्रमाणे अशी सेवा निर्माण करायची तर राज्यसभेचा दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. तो ठराव १९६१ साली झाला. १९६३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अभियंत्यांची, वनांची आणि वैद्यक व आरोग्याची अशा तीन नव्या अखिल भारतीय सेवांची तरतूद झाली. प्रत्यक्षात १९६६ मध्ये फक्त भारतीय वन सेवा अवतरली. उरलेल्या दोन सेवा कायद्याच्या पुस्तकातच राहिल्या. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा घटनेने राज्यांचा विषय ठरवलेला आहे, आणि आपल्या डॉक्टरांच्या नेमणुका-बदल्यांचा अधिकार दिल्लीकडे जावा हे राज्यांना मानवणारे नव्हते. जंगलांना देशपातळीवरची सेवा मिळाली आणि माणसांच्या आरोग्याला मिळाली नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा असे म्हटले, तेव्हा हाच विषय पुन्हा दुसऱ्या दाराने आला.

मद्रासच्या माणसाने हे मागावे यात नवल नव्हते. त्या प्रांतात सार्वजनिक आरोग्याचे वेगळे खाते १९२० च्या दशकापासून काम करत होते आणि १९३९ साली सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदाही झाला होता. साथ आटोक्यात ठेवणे हे रुग्णालयात शस्त्रक्रिया करण्याइतकेच विशेष कौशल्याचे काम आहे, हे तेथे प्रशासनाने मान्य केलेले होते. महाराष्ट्रात मात्र १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक केंद्रे त्यांच्याकडे गेली, तर जिल्हा रुग्णालय राज्य शासनाकडे राहिले. जिल्हा आरोग्य अधिकारी एका दाराने आणि जिल्हा शल्यचिकित्सक दुसऱ्या दाराने, अशी आपली घडी बसली. विकेंद्रीकरणाचे फायदे मी नाकारत नाही. जिल्हा परिषदेचा सदस्य केंद्रात येऊन औषधसाठा विचारतो तेव्हा त्याचा उपयोगच होतो. पण केंद्रातून चिठ्ठी देऊन पाठवलेला रुग्ण जिल्ह्याला पोहोचला का, त्याचे पुढे काय झाले, हे कळण्याचा रस्ता त्या दोन दारांमध्ये हरवतो, आणि तज्ज्ञ रुग्णालय व प्राथमिक केंद्र ही एकाच साखळीची कडी असावीत या समितीच्या म्हणण्याचा अर्थ तेथेच लागतो.

समितीवर झालेली टीकाही सांगितली पाहिजे. तिने रुग्णालये, तज्ज्ञ आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्यावर जास्त भर दिला, गावातल्या माणसाच्या हातात आरोग्याचे काम देण्याचा विचार तिला सुचला नाही, असे लोकआरोग्याचे अभ्यासक म्हणतात. हा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. आशा कार्यकर्ती यायला २००५ साल उजाडावे लागले.

प्रश्न : एवढ्या समित्या आणि आयोगांवर काम करणाऱ्या कुलगुरूंनी विद्यापीठाकडे लक्ष कधी दिले असेल? आमच्याकडे कुलगुरू दोन दिवस दौऱ्यावर गेले तरी सह्या अडतात. — एक प्राध्यापिका, कोल्हापूर

आपली शंका रास्त आहे, आणि यादी पाहिली तर ती वाढतेच. भोर समिती, १९४८-४९ चा राधाकृष्णन विद्यापीठ शिक्षण आयोग, माध्यमिक शिक्षण आयोग, आरोग्य समिती, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेसाठी जिनिव्हाच्या वाऱ्या. आणि हे सगळे कुलगुरूपदावर असताना किंवा त्याला लागून. सह्या अडत नसतील असे मी म्हणणार नाही. मात्र कुलगुरूची परीक्षा सह्यांवर न करता त्याने माणसे कोणती आणली यावर करायची असेल, तर एक उदाहरण पुरेसे आहे.

विद्यापीठात भौतिकशास्त्राचा विभाग उभा करायचा म्हणून मुदलियारांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांना विचारले. रामन यांनी नकार दिला आणि आपला विद्यार्थी जी. एन. रामचंद्रन याचे नाव सुचवले. १९५२ साली रामचंद्रन विभागप्रमुख झाले तेव्हा त्यांनी वयाची तिशीही पुरती ओलांडलेली नव्हती. आजच्या निवड समितीपुढे हा उमेदवार 'अनुभव अपुरा' या शेऱ्यासह परत गेला असता. शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था उभी राहत होती आणि कातड्याचा मूळ घटक असलेले कोलॅजेन तेथून सहज मिळू शकत होते. दोन वर्षांत, १९५४ मध्ये, रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. प्रथिनांचा रेणू कोणत्या कोनांत वळू शकतो हे दाखवणारा आणि त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आलेख १९६३ चा, तोही मद्रास विद्यापीठातलाच. जगातल्या कोणत्याही जैवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो आज आहे. मुदलियार १९६९ मध्ये पायउतार झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत रामचंद्रन बंगळूरला गेले व तेथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग सुरू केला.

विद्यापीठातला मुदलियार आणि समितीतला मुदलियार मला वेगळे दिसत नाहीत. एक विभाग निवडायचा, त्याला योग्य माणूस द्यायचा आणि मग दहा वर्षे त्याच्या कामात लुडबूड करायची नाही, ही ज्याची कार्यपद्धती होती, त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांबद्दल 'आधी आहेत ती सशक्त करा' असेच म्हटले असते. विद्यापीठात त्याला ते जमले, कारण वेळ त्याच्या हातात होता. आरोग्यात जमले नाही, कारण तेथे त्याच्या हातात फक्त अहवाल होता.

त्यांच्या कारकिर्दीला एक उणी बाजूही आहे. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहावे असा त्यांचा आग्रह होता आणि तमिळ माध्यमाच्या मागणीला त्यांनी पाठबळ दिले नाही. मराठीतून विज्ञान शिकवण्याची लढाई जवळून पाहिलेल्या माझ्यासारख्याला ही भूमिका अपुरी वाटते. मराठीतून सांगितल्याशिवाय साधे जुलाबावरचे मीठ-साखर-पाणीही घरोघर पोहोचले नसते.

प्रश्न : सरकारी समित्यांवर इतकी वर्षे बसलेला माणूस स्वतंत्र कसा म्हणावा? — एक वाचक, ठाणे

थोडक्यात सांगतो. ते मद्रास विधान परिषदेचेही सदस्य होते, म्हणजे राजकारणाचा वारा त्यांना लागलाच नाही असे नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेचे कार्यकारी मंडळ त्या काळी अशा तत्त्वावर चाले, की सदस्याचे नाव देश सुचवील, पण मंडळात तो बसेल ते आरोग्यशास्त्राचा जाणकार म्हणून, सरकारचा वकील म्हणून नव्हे. सरकारी खात्यात नोकरी नसलेला, विद्यापीठात स्वतःचे स्थान असलेला डॉक्टर या रचनेत नेमका बसत होता. फेब्रुवारी १९६१ मध्ये चौदावी जागतिक आरोग्य सभा नवी दिल्लीत भरली तेव्हा तिचे अध्यक्षही तेच होते, आणि त्याच वर्षी आपल्याच देशाच्या आरोग्यकेंद्रांबद्दल कठोर अहवाल त्यांनी सरकारच्या हाती दिला. पाहुण्यांसमोर यजमानपद आणि घरात परखडपणा, दोन्ही एकाच वर्षात. यापेक्षा वेगळा पुरावा माझ्याकडे नाही.

प्रश्न : सत्तावीस वर्षे एकच कुलगुरू! हे आज शक्य आहे का, आणि असावे का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

महाराष्ट्रात शक्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार कुलगुरूंची मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांत जे आधी असेल तेवढीच असते, आणि त्याच पदावर फेरनियुक्ती होत नाही.

हा नियम मुदलियारांना लावून पाहिला तर गंमत होते. ते चौपन्नाव्या वर्षी कुलगुरू झाले. पाच वर्षांची मुदत १९४७ मध्ये संपली असती, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात येण्याच्या आधी. मुदतीचे सोडून फक्त वयाची अट लावली, तरी माध्यमिक शिक्षण आयोगाची नेमणूक सप्टेंबर १९५२ ची आहे आणि पुढच्याच महिन्यात त्यांना पासष्ट वर्षे पूर्ण झाली. आरोग्य समिती त्यांनी एकाहत्तराव्या वर्षी स्वीकारली. कुलगुरूपद सोडताना ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते.

असावे का, याचे उत्तर मी 'नसावे' असे देईन, आणि मुदलियारांबद्दल आदर बाळगून देईन. सत्तावीस वर्षांत विद्यापीठात शिकलेला विद्यार्थी प्राध्यापक होऊन निवृत्तीच्या वयाकडे झुकतो. त्याला दुसऱ्या कुलगुरूची कल्पनाच करता येत नाही. चांगल्या माणसाच्या हाती दीर्घ मुदत लाभदायी ठरते, पण नियम चांगल्या माणसांसाठी करायचे नसतात. त्यांच्यानंतर आलेले सुंदरवडिवेलू हे शिक्षण खात्यातून आले होते, आणि मुख्यमंत्री कामराज यांच्या काळात शाळांतील दुपारच्या जेवणाची योजना राबवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे विद्यापीठाला सर्वस्वी वेगळ्या वाटेने आलेला माणूस मिळाला, आणि तसा तो मिळण्यासाठी कधीतरी खुर्ची रिकामी व्हावीच लागते. पाच वर्षे मात्र कमी पडतात, हेही खरे. पहिले वर्ष फाइली समजण्यात आणि शेवटचे निरोप समारंभांत जाते.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रात विद्यापीठ आणि आरोग्य यांचा असा संगम कोणाच्या ठायी झाला का? — एक वाचक, सांगली

तंतोतंत तसा नाही, पण जवळची उदाहरणे आहेत. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ; टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून त्यांनी कर्करोग संशोधनाचा पाया घातला, १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले आणि १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या आणि १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव आणण्याचा निर्णय त्यांचा, आणि ज्या डॉक्टरने आयुष्यभर आयांच्या कुशीतून लेकरू उचलून शस्त्रक्रियेला नेले तिलाच तो सुचावा, यात मला आश्चर्य वाटत नाही. एक नाते कुटुंबातलेही आहे. रँग्लर र. पु. परांजपे लखनौ आणि पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि त्यांच्या कन्या शकुंतलाबाईंनी र. धों. कर्वे यांच्या पाठोपाठ कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला वाहून घेतले व तो विषय विधान परिषद आणि राज्यसभेपर्यंत नेला.

पुढे अशी उदाहरणे दुर्मिळ होतील असे मला वाटते, आणि त्याचे कारण व्यक्तींत नाही, रचनेत आहे. नाशिकला १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये सर्वसाधारण विद्यापीठांतून बाहेर पडली. परीक्षा आणि अभ्यासक्रम यांच्या दृष्टीने ते सोयीचे झाले. पण वैद्यक शिकवणाऱ्याला अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा किंवा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक एकाच विद्वत्सभेत भेटण्याची जी सक्ती होती, ती संपली. तमिळनाडूतही वैद्यकीय महाविद्यालये १९८० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास विद्यापीठातून निघून स्वतंत्र वैद्यकीय विद्यापीठाकडे गेली. चेन्नईत तरमणीला मूलभूत वैद्यकशास्त्रांची एक पदव्युत्तर संस्था मात्र अजून मद्रास विद्यापीठाकडेच आहे. तिच्या फाटकावर डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचे नाव आहे.